तोंडात नसलेला दात

अण्णा,

तुमची पणती दात घेऊन जन्माला आली. खालच्या हिरडीत, मधोमध, एकच. तांदळाच्या कणीएवढा आणि कडेला पिवळसर. कंपू भागातल्या हॉस्पिटलात नर्सनं तिला दुपट्यात गुंडाळून बाहेर आणलं आणि हसत म्हणाली, "लो बाबूजी, नातिन नहीं, दादी अम्मा आई है! दाँत साथ लाई है." मी हसलो. तुमची सून हसली नाही. तिनं बाळाच्या ओठावर बोट ठेवून दात झाकला, जणू व्हरांड्यातली सगळी माणसं तोच बघायला जमली होती. मग मला हळूच म्हणाली, "विहीणबाईंना आजच नका सांगू." पण अशा गोष्टी सांगाव्या लागत नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी, धुकं अजून जिन्यात होतं तेव्हा, मुलीच्या सासूबाई दाना ओलीतल्या घरून रिक्षा करून हॉस्पिटलात आल्या. बाळाला मांडीवर घेतलं, हनुवटी खाली ओढून बघितलं आणि परत पाळण्यात ठेवलं. "व्याही, तुम्ही मोठे भाषण देणारे. मला काय समजतं," त्या म्हणाल्या. "पण हा दात काढवून घ्या. आणि तोवर बाळाच्या मामाला येऊ नका देऊ. असा दात मामावर येतो."

बाळाचा मामा म्हणजे आमचा मुलगा, तुमचा नातू. भोपाळला असतो. त्याची आई तिथंच उभी होती, आणि तिचा चेहरा पांढरा पडला. ते बघून माझं डोकं फिरलं. चाळीस वर्षं मी या शहरात याच गोष्टींविरुद्ध उभा राहून बोलतो आहे, आणि माझ्याच घरात, माझ्याच बायकोच्या चेहऱ्यावर ही भीती! मी बोललो. तुम्हाला माझं बोलणं माहीत आहे. विहीणबाईंना ते बसल्या जागी पंधरा मिनिटं ऐकावं लागलं. काही मुलं डोक्यावर जावळ घेऊन येतात, काही एखादा दात घेऊन येतात, म्हणालो. दात हा दात आहे, तो कोणाच्या मामाचा पत्ता विचारत नाही. शांती होणार नाही, दात काढला जाणार नाही, आणि मामा रविवारी येणार. मुलाला तिथूनच फोन लावला. तो म्हणाला, "बाबा, हेल्मेट घालून येऊ का?" सगळे हसले, विहीणबाईसुद्धा पदराआड हसल्या, आणि मी जिंकलो. हॉस्पिटलातून सोडताना मिळालेल्या कागदावर लिहिलं होतं की बाळाला दाताच्या डॉक्टरांना दाखवून घ्या. तो मी वाचला होता. मला वाटलं, आज्यांच्या भीतीपुढे हल्ली डॉक्टरही वाकतात. मी कागदाची घडी करून फाइलमध्ये ठेवली.

खासगी बाजारातलं ते घर तुम्हाला आठवत असेल. माझा मित्र, त्याची आई, नवीन लग्न झालेली त्याची बायको आणि तिचा बारा दिवसांचा मुलगा. शिलेदारांचं घराणं, भिंतीवर अजून तलवार. त्या मुलालाही असाच एक दात होता, खालचा. मित्राच्या आईनं तुम्हाला शांतीसाठी बोलावलं. मी तेव्हा तेवीस वर्षांचा, वादविवादाच्या ढाली घरी आणणारा, आणि मित्र माझ्याकडे येऊन म्हणाला, "यार, तू चल आणि आईला समजाव. घरात सगळे माझ्या बायकोकडे असे बघतात की जणू तिनं काही पाप केलंय." मी गेलो. मी दारात उभा आहे आणि तुम्ही पाटावर तांदूळ पसरताय. तुमची नखं आदल्या दिवशीच काढलेली, कारण लहान बाळाच्या घरी जाताना तुम्ही नेहमी काढायचात, आणि कोपऱ्यात गरम पाण्याचा तांब्या, कारण बाळाला हात लावण्याआधी तुम्ही गरम पाणी मागून घ्यायचात. मला हे सगळं सोवळंच वाटायचं. मी बोलायला लागतो. आत, दाराच्या फळीला टेकून ती मुलगी मान खाली घालून बसलेली आहे, आणि मी म्हणतो, "या बाईनं राक्षस जन्माला घातलेला नाही, मूल जन्माला घातलंय." ती मान वर करून माझ्याकडे बघते. अण्णा, त्या बघण्यासाठी मी ते भाषण आजही करीन. त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही.

मित्रानं आईला सांगितलं, होम होणार नाही. तुम्ही वाद घातला नाही. तांदूळ गोळा केले, दर्भ बांधून ठेवले आणि उठता उठता म्हणालात, "बरं. होम राहू द्या. मला एकदा बाळाच्या तोंडात बोट घालून बघू द्या, मग मी निघतो." मी म्हणालो, "मंत्र चालले नाहीत तर आता बोट? अण्णा, पुरे झालं." दोघंतिघं हसले. मित्र बाळाला उचलून आत घेऊन गेला. तुम्ही पिशवी घेतलीत, चालायला लागलात, आणि मी मागून. घरी पोचलो. दारात पाय धुताना, माझ्याकडे न बघता, म्हणालात, "बोलायच्या आधी हात लावून बघावं." तुम्ही मला आयुष्यात फार वेळा रागावला नाहीत. म्हणून ते वाक्य राहिलं. पण त्याचा अर्थ मी असा घेतला की वडील हरले आहेत आणि हरलेल्या माणसाला शेवटी काहीतरी बोलावं लागतं.

सहा दिवसांनी ते बाळ गेलं. दुपारी आईजवळ दूध पीत होतं, ठसका लागला, निळं पडलं, टेंपो कंपूला पोचायच्या आत संपलं. दूध श्वासनळीत गेलं, असं तिथं सांगितलं. मी मित्राच्या शेजारी बसलो होतो. त्याच्या आईनं नातवाला शेवटचं पुसलं आणि बाहेर येऊन ती म्हणाली, "दात तोंडात नाहीये रे. सकाळी होता. मी स्वतः बघितला होता." एवढंच. खोलीत एक लाट गेली. कोणीतरी कपाळाला हात लावला, कोणीतरी पुटपुटलं की शांती केली असती तर. एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, आला होता तो आपलं काम करून गेला. मी ताडकन उभा राहिलो. ज्या घरांत शांती होते त्या घरांत मुलं जात नाहीत का, असं मी विचारलं. मित्रानं माझा हात धरून ठेवला होता, घट्ट.

संध्याकाळी स्वयंपाकघरात तुम्ही जेवायला बसला होतात, आई तव्यावर भाकरी टाकत होती, आणि मी भिंतीला टेकून ते सगळं रागारागानं सांगत होतो. म्हातारीचं वाक्य मी तिच्याच आवाजात बोलून दाखवलं. तुमचा घास हातात राहिला. "सकाळी होता म्हणाली?" तुम्ही विचारलंत. "हो," मी म्हणालो, "आता म्हणे दात काम करून निघून गेला!" तुम्ही माझ्याकडे बघितलंत. फार वेळ नाही. मग घास ताटात ठेवलात आणि आईकडे ताक मागितलंत. आई म्हणाली, "आज नाहीये, सकाळीच सांगितलं की." तुम्ही म्हणालात, "मग पाणी दे."

त्यानंतर तुम्ही चार वर्षं होतात. त्या चार वर्षांत मी वक्ता झालो. गणपतीतल्या व्याख्यानमाला, कॉलेजं, वाचनालयं, पुढे इंदूर, उज्जैन, झाशी. आणि माझ्या प्रत्येक भाषणात खासगी बाजारातल्या म्हातारीची गोष्ट असायची. नाव नाही, गल्ली नाही, पण गोष्ट तीच. मी पदर सावरल्याची नक्कल करायचो, आवाज बारीक करायचो. "दात तोंडात नाहीये रे! सकाळी होता!" मग थांबायचो. किती थांबायचं हे मला नेमकं माहीत होतं. मग म्हणायचो, "म्हणजे बघा, खुनी फरार!" आणि सभागृह हसायचं. हसून झालं की मी आवाज खाली आणून त्या तरुण आईबद्दल बोलायचो, आणि बायका डोळे पुसायच्या. एकदा तुम्ही त्या सभेला होतात. मागच्या रांगेत, दाराजवळ. लोक हसले तेव्हा तुम्ही हातातल्या टोपीची घडी उलगडून परत घातलीत. मी ते व्यासपीठावरून बघितलं आणि मला आनंद झाला, की यांना लागलं.

आता ही मुलगी. सहाव्या दिवशी गच्चीवर ऊन आलं होतं. बाळाला थोडी कावीळ होती म्हणून तिला उन्हात घेऊन तुमची नात बसली होती. मी पेपर वाचत होतो. ती म्हणाली, "बाबा, दूध पिताना तिचा दात टोचतो. आणि मला वाटतं तो सैल आहे." मी म्हणालो, "तुझ्या सासूबाईंनी डोक्यात भरवलंय." ती म्हणाली, "नाही." मी पेपर खाली ठेवला आणि ती गोष्ट सांगायला लागलो. तिनं ती लहानपणापासून पन्नास वेळा ऐकलेली. तरी मी सुरू केली, सवयीनं, थोडा हात वर करून. ती एकदम म्हणाली, "बाबा, मुझे भाषण नहीं चाहिए. इसका दाँत हिल रहा है." पण तोवर माझं वाक्य निघालं होतं. "दात तोंडात नाहीये रे, सकाळी हो..."

अण्णा, मी तिथं थांबलो. नेहमीच्याच जागी, पण यावेळी थांबायचं ठरवलं नव्हतं. सदतीस वर्षं हे वाक्य मी माझ्या तोंडानं बोलत होतो आणि मला ते पहिल्यांदा ऐकू आलं. सकाळी तोंडात असलेला दात दुपारी तोंडात नाही. मग तो कुठे आहे? ती म्हातारी शकुन सांगत नव्हती. ती त्या खोलीतली एकटी होती जिनं नीट बघितलं होतं आणि जे बघितलं ते सांगितलं होतं. घाबरलेल्या नातेवाइकांनी त्यात अपशकुन ऐकला, आणि मी, विवेकाचा वकील, मीही तोच ऐकला. मी फक्त त्यावर हसलो. मान डोलावणारे आणि हसणारे, आम्ही सगळे एकाच बाजूला होतो, आणि दात कुठे गेला हे विचारायला कोणी उभं राहिलं नाही.

दाताची डॉक्टर तरुण होती, आमच्या मुलीपेक्षाही लहान. तिनं हातमोजा घालून बाळाच्या तोंडात बोट फिरवलं, दात एका बोटानं पुढे मागे केला, आणि तो हलला. मला दिसला. ती म्हणाली, "अंकल, इसने जड़ नहीं पकड़ी है. दूध पीते में निकल गया तो साँस की नली में जा सकता है. निकालना पड़ेगा." मी विचारलं, "असं खरंच होतं?" ती म्हणाली, "बहुत कम. पर इसकी राह कोई नहीं देखता." पण बाळाची कावीळ उतरलेली नव्हती, आणि रक्त गोठण्याचा रिपोर्ट आल्याशिवाय ती दाताला हात लावणार नव्हती; इतक्या लहान बाळाचं रक्त थांबलं नाही तर ते आणखी वाईट. दोन दिवस थांबायचं. जास्त सैल वाटला तर तसंच उचलून आणायचं. तोवर प्रत्येक दुधाआधी आणि नंतर स्वच्छ बोटानं बघायचं, दात जागेवर आहे का. "नाखून काट लीजिए," ती मला म्हणाली, "और हाथ गरम पानी से."

मी घरी येऊन नखं काढली. तुमची सून बघत होती. दोन दिवस, दर दोन-अडीच तासांनी, मी त्या एवढ्याशा तोंडात बोट घातलं. बाळ ते चोखायला लागायचं. किती जोर असतो, अण्णा, त्या हिरड्यांत. दात माझ्या बोटाखाली यायचा आणि थोडा झुकायचा, पुन्हा सरळ व्हायचा, आणि पुढच्या वेळी आधीपेक्षा जास्त झुकल्यासारखा वाटायचा. तिला दूध पाजताना आमची मुलगी रडायची आणि मी पाळण्याशेजारी उभा राहून गिळण्याचा आवाज मोजायचो. एक ठसका लागला तेव्हा मी तिला हिसकावून पालथं केलं. दात जागेवर होता, तरी मी पुन्हा बोट घालून बघितलं. मामाचा फोन आला, रविवारी येऊ ना? त्याच्या आईनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, ये. त्या बाबतीत माझं मत आजही तेच आहे. एवढं सोडून बाकी कशाबद्दल मला त्या दोन दिवसांत काही मत होतं, असं मला आठवत नाही.

आणि सारखं तुमचं बोट आठवत होतं. तुम्ही कितीतरी घरांत शांती केल्यात. काही घरांत बाळाच्या तोंडातून बोट काढल्यावर तुम्ही होम थांबवायचात आणि सांगायचात, आधी कंपूत नेऊन दात दाखवा, मग पुढचं. मी तुम्हाला चिडवायचो, "तुमच्या मंत्रांवर तुमचाच भरवसा नाही!" तुम्ही हसायचात. म्हणजे तुम्हाला माहीत होतं. कोणता दात रुजलेला आहे आणि कोणता नाही हे तुमच्या बोटाला कळत होतं. मग ते बोट मंत्राच्या मागे का लपवलंत? मोकळं का नाही सांगितलंत, की हा दात सैल असला तर बाळ गुदमरेल? हे एक साधं वाक्य होतं. मंत्र मोडायला आलेल्या माझ्यासारख्या माणसासमोर ते तरी मंत्रापासून वेगळं काढून सांगायला हवं होतं. पण मी तुम्हाला बोलू दिलं होतं का? बरं, ते त्या दिवशीचं. त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात तुम्हाला सगळं कळलं होतं. "सकाळी होता म्हणाली?" एवढं विचारून तुम्ही पाणी मागितलंत. चार वर्षं गप्प राहिलात. माझ्या सभेत मागच्या रांगेत बसलात आणि गप्प राहिलात. तेवीस वर्षांच्या मुलाच्या डोक्यावर हे ओझं नको म्हणून? की मी ते स्वतः शोधावं, आणि शोधेपर्यंत गावोगाव माझ्याच तोंडानं सांगत फिरावं, म्हणून? पहिलं असेल तर तुम्ही फार दयाळू होतात. दुसरं असेल तर तुमच्याइतकी कठोर शिक्षा मी कुठल्या पुस्तकात वाचलेली नाही. दोन्ही रात्रंदिवस मनात येतात, आणि निकाल लागत नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी रिपोर्ट बरा आला आणि दात काढला. दोन मिनिटं लागली नाहीत. कापसावर रक्ताचा एक ठिपका. मुळाशी काहीच नव्हतं, नुसतं टोपण. "रखेंगे?" डॉक्टरनं विचारलं, आणि तुमची सून म्हणाली, "नको, टाका तिकडेच." बाळानं एकदा भोकाड पसरलं आणि घरी येईपर्यंत झोपलं. रविवारी मामा आला, भाचीला खांद्यावर घेऊन गच्चीभर फिरला. विहीणबाई खूश आहेत, कारण दात निघाला आणि मग मामा आला. त्यांच्या हिशेबी सगळं रीतसर झालं. मी त्यांना काही समजावलं नाही.

सोमवारी माझा मित्र आला. गुडघे गेलेत त्याचे, तरी जिना चढून आला, तिळाच्या गजकाचा डबा घेऊन. बाळाचे ओठ बोटानं उघडून बघितले. "निघाला ना? सुटलीस बाई," तिला म्हणाला. मग खुर्चीत बसून बराच वेळ गुडघा चोळत राहिला. "आमच्या वेळी तू आला नसतास ना," तो म्हणाला, "तर आईनं आणि त्या सगळ्यांनी माझ्या बायकोला जगू दिलं नसतं. बाळ गेलं ते गेलं. पण तू उभा राहिलास. ती अजून म्हणते, एकच माणूस माझ्या बाजूनं बोलला." माझ्या तोंडाशी सगळं आलं होतं. व्यासपीठावर मला कधी शब्द शोधावा लागला नाही. मी म्हणालो, "चहा घेशील ना?" तो म्हणाला, "साखर कमी."

सत्य सांगितलंच पाहिजे, कोणाला कितीही लागो, हे मी इतक्या वर्षांत इतक्या लोकांना सांगितलं आहे. आता एका माणसाला, आणि एका बाईला, सांगायचं आहे. ते सांगितलं तर मित्राच्या बायकोच्या हातात, जिनं एक माणूस आपल्या बाजूनं बोलला एवढंच आयुष्यभर जपलं, मी काय ठेवणार आहे? आणि नाही सांगितलं तर मी कोण आहे? तुमच्याकडे याचं उत्तर असणार. चार वर्षं तुम्ही माझ्यासमोर तेच उत्तर घेऊन बसला होतात, आणि मला अजूनही कळत नाही ते बरोबर होतं की चूक.

म्हणून हे तुम्हाला लिहिलं. तुम्ही वाचणार नाही, हे लिहिताना फार सोयीचं पडलं. ज्यांनी वाचायला हवं ते खासगी बाजारात त्याच घरात राहतात, आमच्या दारापासून चालत दहा मिनिटं. काल दुपारी मी हे कागद घडी करून खिशात घातले आणि निघालो. गल्लीच्या तोंडापर्यंत गेलो, अण्णा. तिथं भाजीचा ठेला होता. मी दोन किलो मटार घेतले आणि परत आलो. तुमच्या सुनेनं विचारलं, इतके कशाला. मी म्हणालो, स्वस्त होते. ते स्वस्त नव्हते.